विश्लेषण : पाऊस मोजणारे यंत्रच खोटे बोलले तर?

ढोकी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की ६३, हे रानात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या सांगण्यावरून ठरत नाही. ते ठरते मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने पाठवलेल्या आकड्यावरून. ६५ च्या पुढे आकडा गेला तर सरकारदरबारी ती 'अतिवृष्टी', त्याखाली राहिला तर नुसताच जोराचा पाऊस. आता केंद्र सरकारच्या 'विंड्स' योजनेतून ही यंत्रे गावोगाव बसवली जाणार आहेत. यंत्रे वाढतील तसा एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो. एवढ्या मोठ्या जाळ्यातले एखादे यंत्र बिघडले असेल, किंवा कोणी मुद्दाम बिघडवले असेल, तर ते ओळखायचे कसे? संगणकशास्त्रात या विषयावर पंचवीस वर्षे काम सुरू आहे. त्याची उत्तरे मराठवाड्याच्या पावसाला कितपत लागू पडतात, हा खरा मुद्दा आहे.

एका आकड्यावर एवढे काय अवलंबून?

ढोकीचे नाव राज्याला ठाऊक आहे ते तेरणा साखर कारखान्यामुळे. महसुली नकाशावर मात्र ढोकी हे धाराशिव तालुक्यातले एक मंडळ आहे. तेर, जागजी, पाडोळी, बेंबळी, केशेगाव ही त्याच तालुक्यातली इतर मंडळे. २०१७ पासून राज्य सरकारने स्कायमेट या खासगी कंपनीच्या भागीदारीत 'महावेध' प्रकल्प राबवला आणि मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी केली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, पाऊस या गोष्टी हे केंद्र दर दहा मिनिटांनी मोजते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून सर्व्हरकडे पाठवते.

या आकड्यांची कामे अनेक आहेत. अतिवृष्टीच्या मदतीसाठी ६५ मिलिमीटरचा निकष आहेच. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'सततचा पाऊस' हीही आपत्ती मानली आणि त्यासाठी सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पावसाची अट घातली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात धाराशिवही होता. पाठोपाठ इतर तालुक्यांतील हजाराच्या आसपास मंडळांना दुष्काळसदृश ठरवले गेले, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस हा निकष होता. द्राक्ष, डाळिंब, आंबा यांच्यासाठी असलेली हवामान आधारित फळपीक विमा योजना तर पूर्णपणे या केंद्रांवर चालते. ठरलेल्या काळात तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई लागू होते, बागेत कोणी पाहायला येत नाही.

म्हणजे आकडा वाढला तर एकाचा फायदा, घटला तर दुसऱ्याचा. अतिवृष्टीच्या दिवशी जास्त पाऊस दिसावा असे ज्याला वाटते, त्यालाच दुष्काळाच्या वर्षी कमी दिसावा असे वाटू शकते. देणाऱ्याचे हित याच्या नेमके उलट. ज्या यंत्राच्या आकड्यात इतक्या जणांचे हितसंबंध अडकले आहेत, ते यंत्र माळावर एकटे उभे असते.

'नोड' म्हणजे काय आणि दगाबाज नोड कोणता?

बिनतारी संवेदक जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. त्यात मोजणारा संवेदक, छोटा संगणक, संदेश पाठवणारा रेडिओ आणि बॅटरी असते. काही जाळ्यांत प्रत्येक नोड थेट मुख्य केंद्राशी बोलतो, महावेधचे असेच आहे. काही जाळ्यांत मात्र नोड एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. द्राक्षबागेत ओलावा मोजणारे स्वस्त संवेदक किंवा धरणाच्या भिंतीवरचे संवेदक असे साखळीने जोडलेले असू शकतात.

साखळीत दगा करायच्या तऱ्हा अनेक. मधला नोड आलेले सगळे निरोप गिळून टाकतो, किंवा त्याहून धूर्तपणे फक्त काही निवडक निरोप गाळतो. एखादा नोड 'मुख्य केंद्राकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता माझ्याकडून आहे' असे खोटे सांगून सगळी वाहतूक स्वतःकडे ओढतो. एकच यंत्र दहा वेगवेगळ्या नावांनी वावरून बहुमताचा आभास निर्माण करते. या शेवटच्या प्रकाराला 'सिबिल हल्ला' म्हणतात, मायक्रोसॉफ्टचे संशोधक जॉन डूसर यांनी २००२ मध्ये त्याची मांडणी केली. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या ख्रिस कार्लोफ आणि डेव्हिड वॅग्नर यांनी संवेदक जाळ्यांवरच्या अशा हल्ल्यांची पद्धतशीर छाननी केली. त्या काळात सुचवलेल्या बहुतेक मार्गनिवड पद्धती सुरक्षेचा विचार न करताच आखल्या होत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हवामान केंद्राच्या बाबतीत मात्र हॅकर असायची गरजच नाही. निरोप कितीही कडक कुलपात बंद करून पाठवला, सांकेतिक लिपीत पाठवला, तरी आतला आकडाच खोटा असेल तर ती सुरक्षा खोट्या आकड्याचीच राखण करते. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली असते. एक कप्पा भरला की ती कलते, रिकामी होते आणि दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलण्याला ठरावीक पाऊस, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटर, मोजला जातो. ही बादली फक्त पाणी मोजते, ते आभाळातून आले की तांब्यातून हे तिला कळत नाही. वीस सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाच्या मापकात ६५ मिलिमीटर म्हणजे साधारण दोन लिटर पाणी. उलट बाजूने, पक्ष्याची विष्ठा, पालापाचोळा किंवा कोळ्याचे जाळे अडकले तरी मुसळधार पावसात आकडा शून्य येऊ शकतो.

इथेच पहिली गुंतागुंत आहे. बिघाड आणि बदमाशी यांचा परिणाम बाहेरून एकसारखाच दिसतो.

असे कुठे घडले आहे का?

अमेरिकेत घडले आहे. तिथे कुरणांसाठी पावसाच्या निर्देशांकावर आधारित विमा आहे. कोलोराडो राज्याच्या आग्नेय भागातल्या दोन पशुपालक शेतकऱ्यांनी २०१६-१७ मध्ये सरकारी पर्जन्यमापकांशी छेडछाड केली. तारा तोडल्या, मापकात सिलिकॉन भरले, काही मापके वरून झाकली. पाऊस पडूनही नोंदला गेला नाही आणि दुष्काळाची भरपाई मिळत राहिली. दोघांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि परतफेड व तडजोडीपोटी मिळून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

चीनमधली उदाहरणे अधिक बोलकी आहेत, कारण तिथे दगा करणारे खुद्द अधिकारी होते. शिआन शहरात २०१६ मध्ये हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडात सुती बोळे कोंबल्याचे उघड झाले. शान्शी प्रांतातल्या लिनफेन शहरात २०१७ ते २०१८ या काळात सहा केंद्रांवर मिळून शंभराच्या आसपास वेळा हस्तक्षेप झाला. यंत्रांची तोंडे बुजवणे, त्यांच्यावर पाणी फवारणे असे प्रकार होते. १६ जणांना शिक्षा झाली. एकच केंद्र खोटे बोलत असेल तर शेजारी त्याला उघडे पाडतात. सहाही केंद्रे एकाच बाजूने खोटे बोलू लागली तर?

ओळखायच्या पद्धती कोणत्या?

सर्वात साधी पद्धत शेजाऱ्यांशी तुलना करण्याची. ढोकीत ८० मिलिमीटर आणि तेर, जागजी, पाडोळी तिन्हीकडे कोरडे, तर शंकेला जागा आहे. मोजमापे जागेनुसार हळूहळू बदलतात, या गृहीतकावर ती उभी आहे. तापमानासाठी ते बऱ्यापैकी खरे ठरते.

दुसरी पद्धत यंत्राचीच उलटतपासणी घेण्याची. पाऊस एकटा येत नाही. सरी कोसळतात तेव्हा तापमान उतरते, आर्द्रता चढते, वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलते. भर दुपारी ३६ अंश तापमान, ४० टक्के आर्द्रता, वारा शांत, आणि त्याच दहा मिनिटांत २५ मिलिमीटर पाऊस, असा संच आला तर तो पाऊस आभाळातला नसण्याची शक्यता दाट. पावसाची लयही बोलते. खरा पाऊस वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो, ओतलेले पाणी एका धारेत येते. दर दहा मिनिटांच्या नोंदी जपून ठेवल्या असतील तरच ही तपासणी होते. दिवसाचा एकच बेरीज-आकडा हाती असेल तर ही सगळी साक्ष पुसली जाते.

साखळी जाळ्यांसाठी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० मध्ये 'वॉचडॉग' ही कल्पना मांडली. नोडने निरोप शेजाऱ्याकडे दिल्यावर कान बंद करायचे नाहीत, शेजारी तो पुढे पाठवतो की नाही हे ऐकत राहायचे. मात्र कान उघडा ठेवायलाही वीज लागते, आणि माळावरच्या नोडची सगळी मदार छोट्या बॅटरीवर असते.

त्यातून पुढे पत मोजण्याची पद्धत आली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये संवेदक जाळ्यांसाठी अशी चौकट मांडली. गावात उधारी देताना दुकानदार जे करतो तेच इथे आकड्यांत होते. नोड किती वेळा बरोबर वागला, किती वेळा चुकीचा, यावरून शून्य ते एक अशी त्याची पत ठरते. हिशेबाची एक सोपी रीत अशी : बरोबर वागण्यात एक मिळवा, आणि त्याला एकूण वागण्यात दोन मिळवून येणाऱ्या संख्येने भागा. २०० दिवस चोख वागलेल्या केंद्राची पत २०१ भागिले २०२, म्हणजे ०.९९५. आता हेच केंद्र २०१ व्या दिवशी खोटे बोलले तर पत होते २०१ भागिले २०३, म्हणजे ०.९९०. जवळपास काहीच बिघडले नाही! वर्षभर खरे बोलून नेमक्या एका दिवशी खोटे बोलणाऱ्याला ही पद्धत पकडत नाही, आणि विम्यात किंवा मदतीत तो एकच दिवस पुरतो. म्हणून जुन्या चांगुलपणाचे वजन काळानुसार कमी करणे, आणि निर्णायक आकड्याला रोजच्या आकड्यापेक्षा कडक कसोटी लावणे, अशा सुधारणा पुढे आल्या.

किती खोटारडे असले तरी जाळे तग धरते?

याचे गणिती उत्तर संवेदक जाळी येण्याच्या आधीच मिळाले होते. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये 'बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न' मांडला. शहराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींना निरोप्यांमार्फत एकमताने ठरवायचे आहे, हल्ला की माघार. पण त्यांच्यात काही फितूर आहेत, ते प्रत्येकाला वेगळे सांगतात. साध्या तोंडी निरोपांवर भिस्त असेल तर एक फितूर पचवायला किमान चार सेनापती लागतात, दोन पचवायला सात. तिघांत एक फितूर असेल तर उरलेल्या दोघांना फितूर कोण हे खात्रीने कळूच शकत नाही. न पुसता येणारी सही असेल तर गणित सोपे होते.

मंडळाच्या भाषेत सांगायचे तर आज ढोकीत केंद्र एक. त्याच्या साक्षीला दुसरे कोणी त्याच मंडळात नाही. शेजारच्या मंडळाचे केंद्र काही किलोमीटर दूर आहे, ते साक्षीदार आहे खरे, पण दुसऱ्या गावचे.

मग अडचण कुठे येते?

अडचण मराठवाड्याच्या पावसातच आहे. मेमधला वळीव असो की परतीचा पाऊस, बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे फुफाटा हे इथल्या माणसाने आयुष्यभर पाहिलेले असते. ढोकीत ढगफुटीसारखा पाऊस आणि तेरमध्ये चार थेंब हे अशक्य नाही, नेहमीचे आहे. शेजाऱ्यांपेक्षा वेगळा म्हणून आकडा बाद करणारी यंत्रणा नेमका असा स्थानिक, खरा पाऊस खोटा ठरवेल. आणि ज्याचे सोयाबीन त्या पावसात गेले, तो शेतकरी मदतीबाहेर पडेल. संशोधनाच्या भाषेत याला 'खोटा इशारा' म्हणतात आणि टक्केवारीत मांडून पुढे जातात. ढोकीत त्या टक्केवारीला सातबारा असतो.

टक्केवारीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दोन हजार केंद्रे, दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे प्रत्येकाच्या दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे रोजच्या २ लाख ८८ हजार नोंदी. तपासणारे सॉफ्टवेअर ९९.९ टक्के अचूक मानले तरी रोज २८८ खऱ्या नोंदींवर संशयाचा शिक्का बसेल. इतके संशय माणसाने जाऊन तपासणे शक्य नाही. मग एकतर सगळे दुर्लक्षित राहतात, किंवा सगळे आपोआप 'दुरुस्त' होतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्याचा मागमूस उरत नाही.

शिवाय चलाख माणूस ८० लिहीत नाही. पाऊस ६३ झाला असेल तर तो आणखी दोन मिलिमीटर वाढवतो, किंवा ६६ झाला असेल तर तेवढेच कमी करतो. इतका छोटा फरक शेजाऱ्याशी तुलना करून कधीच सापडणार नाही. तो सापडतो ढिगात. अनेक वर्षांच्या, अनेक मंडळांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि ६५ च्या लगेच पुढे (किंवा लगेच मागे) नैसर्गिकरीत्या असाव्यात त्याहून जास्त आकडे साचलेले दिसले, तर कुठेतरी हात फिरला आहे असे समजावे. कोणते केंद्र हे त्यातून कळत नाही, पण कुठे पाहायचे ते कळते. परीक्षेत ३५ गुणांवर साचलेली गर्दी पाहून जे कळते, त्यातलाच हा प्रकार.

'विंड्स'ने काय बदलेल?

जुलै २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या या योजनेचा हेतू तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक असे दाट जाळे उभे करण्याचा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास, एकट्या धाराशिव जिल्ह्यात सहाशेहून अधिक. म्हणजे ढोकी मंडळात एकाऐवजी अनेक मापके येतील. चार सेनापतींची अट पहिल्यांदाच पूर्ण होईल आणि स्थानिक पाऊसही खरा कसा पडतो ते दिसेल.

दुसरी बाजू अशी की जिथे फक्त पर्जन्यमापक असेल, तिथे तापमान-आर्द्रतेची उलटतपासणी हातातून जाते. यंत्रे वाढली की देखभाल पातळ होते. बुजलेली तोंडे, उतरलेल्या बॅटऱ्या वाढतात, आणि बिघाडांच्या गर्दीत बदमाशी लपवणे सोपे जाते. एकाच भागातल्या साऱ्या मापकांची देखभाल एकाच ठेकेदाराकडे, एकाच तंत्रज्ञाकडे असेल, तर दहा यंत्रे दिसायला दहा पण साक्षीदार एकच. सिबिल हल्ल्याचा हा कागदोपत्री अवतार म्हणायचा. म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. रडार एक. दुसरा उपग्रह. २०१४ मध्ये सोडलेल्या 'जीपीएम' उपग्रहाच्या आधारे सुमारे दहा किलोमीटरच्या चौकोनासाठी दर अर्ध्या तासाचा पावसाचा अंदाज मिळतो. तो ६३ आणि ६५ मधला फरक सांगू शकत नाही, पण त्या दुपारी ढोकीवर ढगच नव्हता एवढे नक्की सांगू शकतो. आणि त्याच्यापर्यंत कोणाचा तांब्या पोचत नाही.

मग शेतकऱ्याच्या हाती काय?

धाराशिव जिल्ह्याला पीकविम्यातल्या अविश्वासाचा अनुभव आहे. २०२० च्या खरिपातल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही या मुद्द्यावरून सुरू झालेला वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातील विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली. स्थानिक आपत्तीचे निकष विम्यातून गेल्यामुळे ढगफुटी झालेल्या शेतकऱ्याला आता सरकारी मदतीचाच आधार उरला आहे. त्या मदतीत मंडळाचा पावसाचा आकडा पूर्वीपेक्षा जड झाला आहे.

अशा वेळी यंत्रणेने कोणता आकडा बाद केला आणि का केला, याची नोंद उघड असणे कळीचे आहे. मूळ नोंद आणि दुरुस्त नोंद दोन्ही जपली गेली, दहा मिनिटांच्या नोंदी त्याच दिवशी गावाला पाहता आल्या, केंद्राचे झाकण उघडले की वेळेसह इशारा नोंदवणारे साधे बटण आत बसले, तर निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटतील. यातले काहीही महागडे तंत्रज्ञान नाही. छेडछाड करणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, पण छेडछाड झाली हे सिद्ध करायलाही त्याच नोंदी लागतात. आकडा संशयास्पद ठरलाच, तर तो थेट शून्य न धरता ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायक यांनी ठरावीक दिवसांत शिवारात जाऊन पाहणी करावी आणि तोवर मंडळ 'निर्णय प्रलंबित' ठेवावे, अशीही सोय करता येईल. ओढ्याला किती पाणी आले होते, बांध कुठे फुटला, शेतातली माती कुठवर वाहून गेली, या खुणा दोन-चार दिवस राहतात. त्यानंतर तिफण फिरते आणि तीही साक्ष मोडते.